हरणाच्या रंगाचं हरीण

ते साल एकोणीसशे त्रेपन्नचं. पोलीस ॲक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन पाच वर्षं होत आली होती. देवगाव रंगारीच्या शाळेत उर्दूच्या जागी मराठी आली होती, पण जुने मास्तर रागावले की अजून उर्दूतूनच रागवत. भागू तेव्हा अकरा वर्षांची होती आणि तिसरीत दुसऱ्यांदा बसली होती, कारण तिचं निम्मं वर्ष शेतात जाई.

तिचा बाप पुंजाराम. त्याला ती दादा म्हणे. माळाला लागून त्यांचं आठ एकर काळं रान होतं आणि घर गावाच्या कडेला, रंगाऱ्यांच्या आळीला चिकटून. भिंतीपलीकडे गयास रंगाऱ्याचं अंगण. तिथं रांजण, हंडे, वाळत घातलेली लुगडी आणि पागोटी. दोन घरांमधली भिंत कमरेएवढीच होती. तिच्यावरून ताकाचा तांब्या, चुलीचा विस्तव आणि पोरी इकडून तिकडे जात. गयासची मुलगी सगीरा भागूपेक्षा सहा महिन्यांनी मोठी होती, आणि ते सहा महिने ती भागूला कधी विसरू देत नसे. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत गयासचं कुटुंब तीन आठवडे पुंजारामच्या शेतातल्या खोपीत राहिलं होतं. त्याबद्दल दोन्ही घरांत कुणी बोलत नसे. ईदेला शिरखुर्म्याचा पहिला वाडगा मात्र भिंतीवरून अलीकडे येई.

फाल्गुनात जोंधळ्याची काढणी चालली होती. त्या दिवसांत शहरातून जीपगाड्या घेऊन शिकारी येत. हरणं बैलगाडीला भीत नाहीत, गाडी अगदी जवळून गेली तरी मान वर करून बघतात आणि पुन्हा चरू लागतात. पण जीपचा आवाज आला की माळ रिकामा होई. एका संध्याकाळी दोन बार ऐकू आले. दुसऱ्या दिवशी सकाळी जोंधळ्याच्या शेवटच्या ओळीत पुंजारामच्या पायाला काहीतरी मऊ लागलं. वाकून बघतो तर हरणाचं पाडस. पाय पोटाशी घेऊन, कान पाठीला चिकटवून, डोळे उघडे ठेवून पडलेलं. त्यानं दिवसभर त्या जागेला हात लावला नाही, त्याच्याभोवती वाव सोडून बाकीचं रान उरकलं. पण संध्याकाळपर्यंत आई आली नाही. मग त्यानं डोक्याचं पागोटं सोडलं आणि पाडस त्यात गुंडाळून घरी आणलं.

"अवं, हे काय आणलं?" भागूची आई सरूबाई चुलीपुढून उठलीच. "घरात माणसांना दूध नाय आन् ह्याला कुठून पाजू?"

"शेळी हाय की," पुंजाराम म्हणाला.

"शेळी माझी हाय!"

"मग पाडसबी तुझंच समज."

सरूबाई पुटपुटत आत गेली आणि जुन्या लुगड्याची चिंधी घेऊन आली. शेळीच्या दुधात चिंधी भिजवायची आणि पाडसाच्या तोंडात द्यायची, असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी पाडसानं चिंधी सोडली आणि सरळ शेळीलाच तोंड लावलं. शेळीनं एकदा वळून बघितलं, नंतर बघायचं सोडून दिलं.

पाडशी होती. नाव ठेवायची वेळ आली तेव्हा सगीरा म्हणाली, "शहजादी ठेव."

"दृष्ट लागंल," सरूबाई म्हणाली. "जे जगावं वाटतं त्याचं नाव हलकं ठेवावं. चिंधी म्हणा."

चिंधी वाढली. उन्हाळ्यात ती भागूच्या मागे विहिरीवर जाऊ लागली. आषाढात तिला भिंत कमी पडू लागली. अलीकडून पलीकडे ती अशी उडी मारी की वाळत घातलेल्या लुगड्याला तिचा पायही लागत नसे. गयास तिला बघून हातातलं काम थांबवी. "पुंजाराम, तुझी ही लडकी माझ्या अंगणात येते, पण कधी एक दाग पाडत नाही. तुझी दुसरी लडकी आली की मात्र सगळे रांजण झाकून ठेवावे लागतात." भागूला राग येई आणि सगीराला हसू.

श्रावणात गोष्ट बिघडली, ती बाजरीमुळे. बाजरी गुडघ्याच्या वर आली आणि चिंधीला तिची चटक लागली. पुंजारामच्या रानात तिनं खाल्लं तर बोलणार कोण? पण तिला आप्पासाहेबांची बाजरी जास्त आवडे. आप्पासाहेब गावातले मोठे जमीनदार. माणूस वाईट नव्हता, फक्त सगळं आपल्या सोयीनं व्हावं असं त्यांना वाटे आणि ते बहुतेक वेळा तसं होतही असे. एक दिवस सकाळी ते छत्री टेकत दारात आले.

"पुंजाराम, तुझी लेक माझ्या घरी जेवायला येती, ठाऊक हाय का?"

"कोण, भागी?"

"चार पायांची."

पुंजारामनं मान खाली घातली. सरूबाईनं पाट दिला, गुळाचा चहा दिला. आप्पासाहेबांनी चहा बशीत ओतला, फुंकला, आणि सांगितलं की त्यांचे व्याही शहरात मोठे हुद्देदार आहेत, जालन्याच्या रस्त्यावर चिकलठाण्याच्या अलीकडे त्यांचा बंगला आहे, आणि बागेत हरीण असावं अशी त्यांच्या मंडळींची लई दिवसांची हौस आहे. "जाळी मारून ठेवली हाय. वर पत्रा. रोज हरभरा मिळंल. तुझ्यापेक्षा चांगली ऱ्हाईल."

"जाळी केवढी हाय?" भागूनं दाराआडून विचारलं.

"ही बघ चौकस!" आप्पासाहेब हसले. "असंल की, ह्या तुमच्या ओसरीएवढी. शेळी ठेवायला पुष्कळ झाली."

ते गेल्यावर भागूनं ओसरी पावलांनी मोजली. भिंतीपासून शेळीच्या खुंट्यापर्यंत अकरा पावलं. तेवढ्यात चिंधी बाहेरून आली आणि ती अकरा पावलं तिनं एका उडीत ओलांडली, आणि भिंतीपाशी तिला थांबावं लागलं. भागूनं ते पाहिलं. त्या दिवसापासून तिचं जेवणावरचं लक्ष उडालं.

पुंजाराम बोलणारा माणूस नव्हता. दोन दिवसांनी बैल सोडता सोडता तो म्हणाला, "आप्पासाहेबाला दसऱ्यापर्यंतचा वायदा केलाय. तवर ही आपल्या कळपात गेली तर गेली. नाय तर त्यांची गाडी येऊन घिऊन जाईल. लोकाची बाजरी किती दिस चारायची?"

"आन् कळपानं घेतली नाय तर?"

"तर हरभरा खाईल."

माळावर कळप होता. पंधरा-वीस हरण्या, पाडसं, आणि एक काळईट, पाठ काळीभोर, शिंगं पिळाची. पुंजारामनं बैलगाडी जुंपली, मागं कडबा टाकला, कडब्यावर भागू आणि चिंधी. गाडी माळावर कळपाच्या कडेनं हळूहळू चालवायची, चिंधीला उतरवायचं आणि गाडी पुढं न्यायची, असा त्याचा बेत. पहिल्या दिवशी चिंधी गाडीच्या मागं पळत आली. दुसऱ्या दिवशी थोडी थांबली. आठव्या दिवशी ती कळपापासून कासराभर अंतरावर चरली, आणि एक म्हातारी हरणी तिच्याजवळ येऊन नाक पुढं करून गेली.

"वास घेतला," पुंजाराम म्हणाला. "आता पंधरा दिसात जाती बघ."

भागूला रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. घरी येताना ती गाडीच्या मागच्या बाजूला पाय सोडून बसली आणि चिंधी गाडीमागून दुडक्या चालीनं आली. अजून पंधरा दिवस ती घरचीच होती.

मध्ये पोळा आला.

पुंजारामच्या घरची रीत अशी होती की बैलांबरोबर गाय, शेळी, कुत्रंसुद्धा पोळ्याला रंगवायचं. घरचं खाणारं जनावर त्या दिवशी बिनरंगाचं ठेवायचं नाही. आदल्या वर्षी मात्र फजिती झाली होती. बैलांच्या अंगावर गेरूचे पंजे उठवले, शिंगांना हिंगूळ लावला, आणि मिरवणूक वेशीच्या तोरणाखाली आली तसा पाऊस कोसळला. पांढरी खिल्लारी जोडी घरी आली ती गुलाबी होऊन. आप्पासाहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते, "पुंजाराम, बैलांना बाळंतिणीचं न्हाणं घातलंस काय?" ते वर्षभर कुणी ना कुणी बोलत असे.

म्हणून ह्या वर्षी पुंजारामनं भिंतीवर हात टेकून हाक मारली. "गयासभाई, पाण्यानं जाणार नाय असा लाल रंग हाय का?"

गयास हसला. असा प्रश्न त्याला विचारणं म्हणजे सोनाराला सोनं आहे का म्हणून विचारणं. "तू किती मांगतो ते बोल."

"बैलापुरता."

"बैलांना, गाईला, शेळीला, सगळ्यांना देतो. कपडा फाटेल, पण गयासचा रंग नाही जाणार. तुझ्या आप्पासाहेबांना सांग, छत्री घरी ठेवून या."

पोळ्याच्या सकाळी तो स्वतः हंडा घेऊन भिंतीवरून आला. पाठोपाठ सगीरा. बैलांच्या पाठीवर त्यानं पंजे असे उठवले की छापील लुगड्याच्या पदरावर बुट्टे असावेत. गाय झाली, शेळी झाली. चिंधी खांबापाशी उभी राहून बघत होती.

"हिनं घरचं खाल्लं नाय का?" भागू म्हणाली.

"खाल्लं तर," सरूबाई म्हणाली. "गावाचंबी खाल्लं."

मग भागूनं उजव्या कुशीवर पंजा उठवला, सगीरानं डाव्या, आणि गयासनं मानेपासून शेपटीपर्यंत एक पट्टा ओढला, सरळ, एका दमात. चिंधीनं कातडी थरथरवली. सगळ्यांना ती फार सुंदर दिसली. कुणाच्याही मनात दुसरा विचार आला नाही, इतके ते त्या दिवशी खुश होते.

दुपारी पाऊस आलाच. तोरणाखाली गावभरच्या बैलांचे रंग ओघळून पायाशी चिखल लाल झाला, आणि पुंजारामची जोडी लखलखीत राहिली. आप्पासाहेबांनी जवळ येऊन बैलाच्या पाठीवर बोट घासून बघितलं आणि बोटाकडे बघितलं. बोट स्वच्छ. घरी येऊन पुंजारामनं पाच पुरणपोळ्या खाल्ल्या.

तिसऱ्या दिवशी गाडी माळावर गेली. चिंधी उतरली, कळपाकडे चालू लागली. म्हातारी हरणी मान वर करून बघत राहिली. मग ती जागच्या जागी सरळ वर उडाली, तिच्यामागून दुसरी, तिसरी, आणि पाहता पाहता सगळा कळप टेकाडापलीकडे गेला. चिंधी उभी राहिली. मग मागं वळून गाडीपाशी आली.

"वाऱ्यानं बुजली असतील," पुंजाराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी कळप तिला नुसता लांबून बघूनच पळाला. भागू कडब्यावर बसून चिंधीकडे बघत होती. हिरव्या माळावर तो लाल पट्टा आणि ते लाल पंजे कुठून कुठं दिसत होते. तिनं आपला तळहात उघडून बघितला. तोही अजून तितकाच लाल होता.

"दादा," ती म्हणाली, "आपुनच केलं."

पुंजारामनं बैल थांबवले. मग त्यानं पागोटं काढलं, डोकं खाजवलं आणि पुन्हा बांधलं.

त्या दिवसापासून दोन्ही घरांतल्या बायका चिंधीला धुवायला लागल्या. रिठा झाला, शिकेकाई झाली, ताक झालं, पांढरी माती झाली, चुलीच्या राखेचं पाणी झालं. ताक तिनं चाटून टाकलं. राखेच्या पाण्यानं सरूबाईचे हात फुटले. रंग होता तसाच राहिला. उलट अंग स्वच्छ झाल्यामुळे जास्त उठून दिसू लागला.

"गयासभाऊ, तुमी काहीतरी करा," सरूबाई भिंतीवरून म्हणाली.

गयास रांजणापाशी उकिडवा बसला होता. त्याचा चेहरा उतरला होता. "भाभी, काय करू? जिंदगीभर रंग चढवला. उतरवायचं कधी शिकलोच नाही. माझ्या वालिदांनी तर सांगितलं होतं, ज्याला रंग उतरवता येतो तो रंगारीच नव्हे."

"मग आता?"

"आता केस गळून नवे येतील तेव्हाच."

"कधी?"

"थंडी सरता सरता."

दसऱ्याला तीन आठवडे उरले होते. आप्पासाहेबांचा निरोपही येऊन गेला होता की व्याह्यांनी जाळीला दार बसवलं आहे.

भागू त्या दिवशी शाळेत गेली नाही, विहिरीवर गेली नाही. ती भिंतीवर बसून राहिली आणि सगीरा तिच्याशेजारी बसली. खाली गयास एक जुनं पागोटं घेऊन काम करत होता. कुणाचं तरी पिवळं पागोटं होतं, डाग पडलेलं, आणि तो ते मोरपंखी करत होता.

"अब्बा, ह्याचा पिवळा आधी काढला का?" सगीरानं विचारलं. तिला ठाऊक होतं, तरी विचारलं.

"काढतात कशाला? पिवळ्यावर दुसरा चढवला की..." गयास बोलता बोलता थांबला. हातातलं पागोटं रांजणात तसंच सुटलं. तो वळला आणि खांबाला बांधलेल्या चिंधीकडे बघत राहिला.

"सगीरा," तो म्हणाला, "बाभळीची साल आण. हिरडा आण. आणि तुझ्या अम्मीला सांग, आज मला जेवायला हाक मारू नको."

त्यानंतर चार दिवस गयासनं गिऱ्हाइकाचं काम हातात घेतलं नाही. तो भिंत ओलांडून येई, चिंधीपुढं मांडी घालून बसे आणि नुसता बघे. "आपण म्हणतो हरीण तपकिरी," तो पुंजारामला म्हणाला. "कुठं तपकिरी? पाठीवर वेगळा, कुशीवर वेगळा, मांडीकडे जाता जाता आणखी फिका. तीन रंग आहेत, आणि एक कुठं संपतो, दुसरा कुठं चालू होतो ते सापडत नाही. लई मुश्किल काम केलंय करणाऱ्यानं." बाभळीची साल उकळून त्यानं एक पाणी केलं, हिरड्याचं दुसरं, गंजलेले खिळे भिजवून तिसरं. सरूबाईनं आपल्या पांढऱ्या घोंगडीचा कोपरा कापून दिला. त्यावर आधी तो लाल रंग लावायचा, मग हे चढवून बघायचं. पहिला तुकडा काळा झाला. दुसरा शेणासारखा झाला. तिसरा बघून सरूबाई म्हणाली, "हा माझ्या सासूच्या दातवणाचा रंग." पाचवा तुकडा गयासनं चिंधीच्या पाठीवर ठेवला आणि पुंजारामला म्हणाला, "दाखव, तुकडा कुठं आहे?"

पुंजारामनं वाकून बघितलं, बोट लावलं, आणि मग त्याला सापडला.

"अजून सापडतोय," गयास म्हणाला आणि पुन्हा चूल पेटवायला गेला.

सातवा तुकडा सापडला नाही.

मग चिंधी रंगवली. सगीरानं कान धरले, भागूनं मान मांडीत घेतली, पुंजारामनं पाय. गयासनं चिंधीवर चिंध्यांनीच काम केलं. पाठीला एक, कुशीला एक, मांडीला तिसरी. चिंधी गप्प पडून होती. सकाळी बसले ते उन्हं डोक्यावर येईतो उठले नाहीत. उठले तेव्हा दारात हरणाच्या रंगाचं हरीण उभं होतं.

"लई वास येतो," भागू म्हणाली.

येत होताच. हिरड्याचा, सालीचा, ताकाचा, सगळ्यांचा. ते काम पुंजारामनं घेतलं. माळावरची माती, हरणांनी तुडवलेलं गवत तो पाटीभरून आणी आणि त्यावर चिंधीला झोपवी. शेळीपासून तिला तोडलं. भागूला सांगितलं, "आता हिला हात लावायचा नाय. हाकबी मारायची नाय." भागूची हाक होती "यू, यू, चिंधे," ती ऐकली की चिंधी असेल तिथून येई. भागू दिवसभर ओठ मिटून फिरे. सगीरा म्हणे, "तू अशी चूप बसलीस तर मला शाळेत कोण भांडायला?"

दसऱ्याला तीन दिवस होते. पहाट फटफटली तेव्हा गाडी जुंपली. ह्या खेपेला गयास आणि सगीराही आले; आपलं काम बघायचं म्हणून गयास आला आणि त्याला एकट्याला धाडायचं नाही म्हणून सगीरा. माळावर दव होतं. कळप ओढ्याच्या अंगाला चरत होता. पुंजारामनं गाडी वाऱ्याच्या उलट बाजूनं घेतली, हळूहळू, दोनदा कळपाला वळसा घातला, मग चिंधीला उतरवलं आणि गाडी शंभर पावलांवर नेऊन बैल सोडले.

"आता कुणी बोलू नका," तो म्हणाला. "भागे, बांगड्या."

भागूनं बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या.

चिंधी उभी होती. कळप तिच्याकडे बघत होता. एक पाडस पुढं आलं आणि मागं गेलं. काळईटानं नाक वर केलं. मग ती म्हातारी हरणी निघाली, थांबली, पुन्हा निघाली. चिंधी जागची हलली नाही. आणि मग ती वळली, आणि गाडीकडे चालत यायला लागली.

ती सरळ भागूकडेच येत होती. वीस पावलांवर येऊन थांबली, कान पुढं केले. ह्या वेळेला भागू नेहमी हाक मारी. चिंधीला ती हाक हवी होती. भागूनं सगीराचा हात धरला. हाक घशाशी आली होती. नुसतं तोंड उघडलं असतं तरी बाहेर पडली असती. तिनं कडब्यात तोंड खुपसलं आणि दोन्ही कानांवर हात ठेवले, जशी काही ती हाक तिला दुसऱ्या कुणाकडून ऐकू येणार होती.

किती वेळ गेला तिला कळलं नाही. सगीरानं तिची वेणी ओढली.

"बघ."

भागूनं बघितलं. माळावर हरणं चरत होती. म्हातारी हरणी चरत होती, पाडसं चरत होती, काळईट कडेला उभा होता. गाडीपाशी कुणी नव्हतं.

"कुठाय?"

"त्यातच हाय," पुंजाराम म्हणाला. "म्हातारीनं वास घेतला, नाकानं ढकललं आन् घिऊन गेली."

"पण कोणती?"

पुंजारामनं डोळ्यांवर हात धरला. गयास गाडीच्या चाकावर चढला. कुणाला काही सांगता येईना. तिथं होत्या त्या सगळ्या हरण्याच होत्या.

ते दुपारपर्यंत बसले. भाकरीचं फडकं सोडलं, कांदा फोडला, चौघांनी खाल्लं. भागूनं दोन भाकरी खाल्ल्या. बऱ्याच दिवसांनी तिला अशी भूक लागली होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आप्पासाहेबांची गाडी दारात आली. पुंजारामनं हात जोडले आणि म्हणाला, "गेली कळपात." आप्पासाहेबांचा विश्वास बसेना. ते म्हणाले, "लाल रंगाचं हरीण कळपात? मला दाखव." मग तीच गाडी माळावर गेली. आप्पासाहेब गाडीत उभे राहून बराच वेळ बघत होते.

"कोणती ती?"

"मलाबी वळखू येत नाय," पुंजाराम म्हणाला.

"लबाड बोलतोस."

"तुमी वळखा आन् घिऊन जा."

आप्पासाहेबांनी एकेक हरणी बघितली. मग खाली बसले आणि हसायला लागले. "त्या रंगाऱ्याला सांग," ते म्हणाले, "पुढच्या पोळ्याला माझ्या बैलांचंबी त्यालाच सांगणार हाय. पण मला धुता येईल असा रंग दे म्हणावं." पुंजारामनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा गयासनं रांजणात काठी फिरवायचं थांबवलं नाही, पण संध्याकाळपर्यंत तो अधूनमधून एकटाच हसत होता.

चिंधी पुन्हा घरी आली नाही. होळीच्या सुमाराला पुंजारामनं एका हरणीबरोबर नवं पाडस बघितलं आणि ती चिंधीच होती असं घरी सांगितलं. सरूबाई म्हणाली की ती एवढ्यात विण्याइतकी कुठं मोठी झालीय, पण भागूसमोर म्हणाली नाही.

आप्पासाहेबांच्या व्याह्यांची दोन वर्षांनी बदली झाली. त्या जाळीत तोपर्यंत कोंबड्या होत्या. आप्पासाहेब पुढं सरपंच झाले आणि म्हातारपणी जाड भिंगांचा चश्मा लावून बैलपोळ्याला वेशीत खुर्ची टाकून बसत. पुंजारामनं आठ एकरांचे अकरा केले आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी, ज्वारी खळ्यावर आल्यावर, झोपेत गेला. सरूबाई त्याच्यामागं सोळा वर्षं जगली आणि शेवटपर्यंत शेळी पाळली. गिरणीच्या कापडापुढं गावातले रांजण एकेक करून पालथे पडले. गयासचा सर्वांत शेवटी, एकसष्ट साली. नंतर तो शहरात शहागंजातल्या एका कापडाच्या दुकानात बसू लागला. गिऱ्हाईक ठाण बघत असताना तो हळूच सांगे, "हे घेऊ नका, रंग जाईल," आणि तरी मालकानं त्याला बारा वर्षं ठेवून घेतलं.

सगीराचं लग्न वैजापूरला झालं. तिचा मुलगा अन्सार तिथं शिवणकामाचं दुकान चालवतो. भागूचं लग्न बद्रीनाथ नावाच्या शाळामास्तराशी झालं. आता ती भागूबाई म्हणून शहरातल्या पुंडलिकनगरात मुलाच्या घरी राहते, मास्तर जाऊन नऊ वर्षं झाली. मागच्या हिवाळ्यात सगीरा गुडघ्याच्या ऑपरेशनला शहरात आली ती पंधरा दिवस तिच्याकडेच होती. दोघी जेवणं झाली की अंगणात उन्हाला बसत. सून चहा घेऊन बाहेर जाई तेव्हा ऐकायला येई ते बहुधा भांडणच असे. सगीरा म्हणे, वेणी आपण ओढलीच नव्हती, कोपरानं ढोसलं होतं. भागूबाई म्हणे, वेणीच ओढली होती, मला दुखलं होतं. आणि सगीरा म्हणे, मी तुझ्यापेक्षा मोठी आहे, मला जास्त आठवतं.